भुतासाठी नव्हे, इतिहासासाठी कोटा

संपादक महोदय,

'पछाडलेल्या' हॉटेलांच्या याद्यांत कोट्याच्या ब्रिजराज भवनचे नाव हमखास असते. चंबळकाठची ही वास्तू म्हणजे १९व्या शतकातली ब्रिटिश रेसिडेन्सी, म्हणजे संस्थानातल्या इंग्रज प्रतिनिधीचे निवासस्थान. डुलकी काढणाऱ्या चौकीदाराला मेजर बर्टनचे भूत थप्पड मारते, एवढीच गोष्ट सांगून लेख संपतात. मूळ प्रसंग त्याहून भारी आहे. १५ ऑक्टोबर १८५७ रोजी लाला जयदयाल आणि मेहराब खान यांच्या नेतृत्वाखालील बंडखोर फौजेने रेसिडेन्सीवर हल्ला केला. पोलिटिकल एजंट (हा इंग्रज प्रतिनिधी) मेजर चार्ल्स बर्टन आणि त्याचे दोन मुलगे मारले गेले. इंग्रजांना कोटा परत मिळाले ते थेट मार्च १८५८ मध्ये.

मुंबई-दिल्ली मार्गावर असल्याने कोटा जंक्शन आपल्याला सोयीचे आहे. क्लासमधल्या मुलांना भेटायला जाणारे पालकही ब्रिजराज भवनात डोकावू शकतात. मात्र हे पूर्वीच्या राजघराण्याचे निवासस्थान. खोल्या मोजक्याच, त्यामुळे न राहणाऱ्यांना आत सोडतात का, हे आधी फोन करून विचारावे. रात्री कॅमेरा घेऊन फाटकाशी उभे राहिल्यास भूत नाही, चौकीदारच भेटेल (बहुधा जागा!). राहणार असाल तर नदीकडची खोली मागा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो. काठावरून पाण्याकडे मात्र उतरू नका. चंबळेत मगरी आहेत, आणि पावसाळ्यात कोटा बॅरेजचे दरवाजे उघडले की पाणी झपाट्याने चढते.

– एक वाचक, नाशिक