विरंगुळा केंद्रांच्या दोन दुपारी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना द्या

महोदय,

२१ सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन येतो आणि स्मृतिभ्रंश कसा ओळखावा यावर भरपूर छापून येते. निदानानंतर घरातला जो एक माणूस, बहुधा बायको, सून किंवा लेक, चोवीस तास अडकतो, त्याच्याबद्दल मात्र फार थोडे. देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना हा आजार असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे सांभाळणारेही लाखांनी आहेत.

सांभाळणाऱ्याची सर्वांत आधी जाते ती झोप. दिवेलागणीला रुग्ण अस्वस्थ होतो, ‘घरी जायचंय’ म्हणत दाराशी जातो, रात्री दोनला उठून कपाट उपसतो. अशा वेळी झोपेची गोळी वाढवून मागितली जाते. पण तिने गुंगी येते, तोल जातो आणि गोंधळही वाढतो. आधी दिवसाचा क्रम बदलून पाहावा. सकाळी अर्धा तास उन्हात फिरवावे, दुपारची झोप पाऊण तासावर मोडावी, दुपारनंतर चहा देऊ नये. पाणी दिवसा भरपूर, रात्री आठनंतर घोटभरच. निजण्यापूर्वी लघवीला न्यावे. अंधारून येण्याआधीच घरातले दिवे लावावेत आणि पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर मंद दिवा ठेवावा. ‘अहो, हेच आपलं घर’ असा वाद घातला की चीड वाढते. ‘हो, जाऊ. आधी दोन घास खाऊन घेऊ,’ एवढे बहुतेकदा पुरते.

दुसरे रणांगण आंघोळीचे. थंडी वाजते, उघडे पडण्याची लाज वाटते, अंगावर अचानक पाणी आले की माणूस दचकतो. कशानंतर काय करायचे हेही सुचत नाही. म्हणून पाणी आधीच विसणून, हात घालून पाहून बादलीत तयार ठेवावे. न घसरणाऱ्या स्टुलावर बसवून खांद्यांवर पंचा टाकावा. सुरुवात पावलांपासून करावी, तांब्या त्यांच्याच हातात द्यावा आणि एका वेळी एकच गोष्ट सांगावी. केस धुणे वेगळ्या दिवशी. न्हाणीघराची आतली कडी काढूनच टाकावी. आंघोळ आठवड्यातून दोन-तीनदा झाली तरी चालते, बाकीचे दिवस ओल्या पंचाने अंग पुसावे. रोजच्या आंघोळीचा हट्ट सोडला की निम्मी भांडणे संपतात.

दोन-तीन दिवसांत एकाएकी गोंधळ वाढला, तर ‘आजार पुढे गेला’ म्हणून गप्प बसू नये. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, पोटात पाणी कमी जाणे किंवा नवी सुरू झालेली गोळी (सर्दी-खाजेवरच्या झोप आणणाऱ्या गोळ्याही) अशी कारणे निघतात आणि वेळीच उपचार झाले तर सुधारणा होते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

पैशांची व्यवस्था निदानानंतर लगेच, रुग्णाला समजते आहे तोवरच करावी. साधे कुलमुखत्यारपत्र पुरेल असे अनेकांना वाटते. पण देणाऱ्याची समज गेली की कायद्याने तेही संपते आणि पालक नेमून घेण्यासाठी न्यायालयात जावे लागते.

नातेवाइकांना कळकळीची विनंती: ‘काही लागलं तर सांग’ म्हणू नका, वार वाटून घ्या. शनिवारची रात्र कोणाची, हे कागदावर लिहा. परदेशातल्या भावाने रुग्णसेवा ब्युरोकडून येणाऱ्या बाईंचा पगार आणि औषधे मागवण्याचे काम अंगावर घ्यावे. सांभाळणाऱ्याला रोज दोन तास घराबाहेर पडता आलेच पाहिजे, तेही पहिल्या महिन्यापासून. कंबर धरल्यावर किंवा रक्तदाब चढल्यावर नव्हे. रुग्णाला काखेत हात घालून ओढू नये: त्याचा खांदा दुखावतो आणि आपली पाठ जाते. खुर्चीच्या कडेशी आणून, त्याची पावले मागे घेऊन, पुढे झुकवून उठवावे. अगदीच संयम सुटू लागला, तर रुग्ण सुरक्षित आहे ना हे पाहून पाच मिनिटे दुसऱ्या खोलीत जावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ क्रमांकावर रात्रीही बोलता येते. तो सांभाळणाऱ्यांसाठीही आहे.

पण ज्या घरात दुसरे माणूसच नाही, तिथे वार कोणाला वाटणार? पुण्या-मुंबईत ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रे आहेत. पालिकांनी त्यांपैकी तळमजल्यावरची निवडून आठवड्यातून दोन दुपारी, दोन ते पाच, स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी द्यावीत. कमोड, धरायला दांडा, बाहेरून लावता येणारे दार आणि दर चार-पाच जणांमागे एक प्रशिक्षित मदतनीस एवढे लागेल. शेंगा सोलणे, वाती वळणे, जुनी गाणी ऐकणे यात तीन तास जातात. ज्येष्ठ नागरिक संघांनी नावनोंदणी करावी आणि पालिकेने मदतनिसांच्या मानधनाची तरतूद येत्या अंदाजपत्रकात करावी.

– स्मृतिभ्रंश रुग्णांच्या गृहशुश्रूषेत काम करणाऱ्या परिचारिका, पुणे