थकलेत म्हणजे किती?

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

हे फोनवर बोलता येत नाही. बाबा "मी ठणठणीत" म्हणतात आणि फोन आईकडे देतात. आणि बाबा शेजारी बसलेले असले की आई खरं सांगत नाही. म्हणून पत्र. बाबा, मोठ्याने वाचा, आईचा चष्मा सापडलेला नसणार.

आई, परवा तू बोलता बोलता बाबांबद्दल म्हणालीस, "थकलेत गं आता फार." आणि लगेच हळदीच्या भावावर गेलीस. मला मात्र तो शब्द सोडेना, कारण मी इथे दिवसभर तोच मोजत असते. वेल्समधल्या आमच्या वॉर्डात कुणी म्हातारं माणूस फ्लू किंवा कोविड होऊन आलं, की ताप, ऑक्सिजन बघतातच, पण घरच्यांना एक प्रश्न हमखास विचारतात: पंधरा दिवसांपूर्वी हे कसे होते? आजचं विचारून उपयोग नसतो, आज सगळेच आडवे असतात. बाजारात एकटे जायचे का, बँकेचं आणि गोळ्यांचं स्वतः बघायचे का, आंघोळीला कुणी लागायचं का. त्यावरून १ ते ९ मधला एक आकडा ठरतो. कॅनडातल्या केनेथ रॉकवूड या डॉक्टरांच्या गटाने २००५ साली ही मोजपट्टी मांडली, तेव्हा तिला सातच पायऱ्या होत्या. १ म्हणजे धट्टाकट्टा. ४ वाला आपलं आपण करतो, पण मंदावलेला असतो. ५ पासून हिशेब, औषधं, प्रवास यांना दुसरं माणूस लागायला लागतं. तुझ्या "थकलेत"ला इथे असा नंबर आहे.

आणि तो नंबर फार काही सांगतो. २०२० च्या पहिल्या लाटेत ब्रिटनमधल्या दहा आणि इटलीतल्या एका रुग्णालयात दाखल झालेल्या कोविडच्या १५६४ रुग्णांचा अभ्यास झाला. जवळजवळ निम्मे ५ किंवा त्यापुढचे होते. कोण तरेल, याचा अंदाज जन्मतारखेपेक्षा आणि जुन्या आजारांच्या यादीपेक्षा या आकड्यावरून जास्त बरोबर येत होता. ७ आणि पुढच्यांना मृत्यूचा धोका अगदी तंदुरुस्त लोकांच्या सुमारे २.४ पट होता, तोही वय हिशेबात धरून. म्हणून बाबा, तुमच्या शहात्तरची मला काळजी नाही. तुम्ही हल्ली मोरीकडे जाताना भिंतीला हात लावता, त्याची आहे. मागच्या व्हिडिओ कॉलवर दिसलं मला.

तुम्ही एसटीच्या डेपोत कॅश सांभाळलीत, तुम्हाला हे चटकन कळेल. विषाणू सगळ्यांकडून सारखीच वसुली करायला येतो, प्रश्न शिल्लक किती आहे हा असतो. ताप आला की शरीर स्नायू मोडून खर्च भागवतं. छातीत जोर नसेल तर कफ खोकून बाहेर पडत नाही. आणि त्यातून खाटेवर पडून राहिलं की उरलीसुरली गंगाजळीही जाते. एका प्रयोगात चांगल्या निरोगी बारा ज्येष्ठांना नुसतं दहा दिवस अंथरुणात ठेवलं होतं. ताप नाही, काही नाही. पायांतला जवळजवळ एक किलो ऐवज गेला.

गेल्या ऑगस्टमध्ये बाबा फ्लूने आठ दिवस ॲडमिट होते, तेव्हा आपण सगळ्यांनी मिळून तेच केलं. आई, तू भात कालवून भरवत होतीस, दादा उशाशी भांडं ठेवत होता, आणि मी, हाच धंदा करणारी, फोनवरून सांगत होते, "पूर्ण विश्रांती घेऊ द्या त्यांना." आमच्या वॉर्डात पेशंटला जमेल तितक्या लवकर घरचे कपडे घालून खुर्चीत बसवण्याचा माझाच आग्रह असतो. स्वतःच्या वडिलांच्या बाबतीत अक्कल गहाण पडली. घरी आले तेव्हा रिपोर्ट नॉर्मल होते आणि बाबा गणपती घाटाच्या पायऱ्या उतरायचे बंद झाले होते.

आणखी एक, जे तू दादालाही सांगू दिलं नाहीस. दुसऱ्या रात्री बाबा "सातारा गाडी लागली का" विचारत होते, तुला ओळखत नव्हते. तू समजलीस, डोकं गेलं. नाही गं. थकलेल्या शरीरात संसर्ग शिरला की मेंदू असा गडबडतो, बहुतेकदा उतरतंही. अमेरिकेत इमर्जन्सीमध्ये आलेल्या कोविडच्या ८१७ वृद्धांपैकी २२६ जणांना असा भ्रम होता, आणि त्यांतल्या तिघांतल्या एकाहून अधिक जणांना ताप किंवा धाप काहीच नव्हतं. तेव्हा पुढे कधी बाबा अचानक असंबद्ध बोलू लागले तर थर्मामीटरची वाट बघू नका, डॉक्टरांकडे न्या. आणि पंधरा दिवसांपूर्वी कसे होते, ते त्यांना खरं सांग. अब्रूचा प्रश्न करू नकोस.

आता मागणं. फ्लूची लस पावसाळ्याआधी दोघांनी घ्या. थकलेल्या शरीरात ती कमी जोमाने काम करते म्हणतात, म्हणून तर वाट बघायची नाही. रात्री नुसता दूधभात बंद, पिठलं, उसळ, अंडं काहीतरी हवं (बाबा, चतुर्थी सोडून). आणि आई, पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात नेऊन द्यायचा नाही. तुला हे जमणार नाही मला माहीत आहे, तरी लिहिते.

रविवारी व्हिडिओ कॉल करते. मोबाइल माठाला टेकवून ठेवा. बाबांनी जेवणाच्या खुर्चीवर बसायचं, दोन्ही हात छातीशी घ्यायचे आणि तीस सेकंदांत कितीदा उठता येतं ते मी मोजणार. खुर्ची भिंतीला लावा. दादा शेजारी उभा राहील, आणि आई, तू मागून हात लावायचा नाहीस.

तुमची,
चिमी