आवाहन : पावसाआधी धोकादायक झाडांचं काम, सर्व सभासदांनी हातभार लावावा

सर्व सभासद बंधू-भगिनींना सप्रेम नमस्कार.

मुलुंडच्या रिक्षावाल्याला आपल्या सोसायटीचं नाव सांगून कळत नाही. ‘गुलमोहरवाली बिल्डिंग’ म्हटलं की बरोबर गेटवर आणून सोडतो. ही झाडं आपोआप वाढलेली नाहीत. नळाला एकच वेळ पाणी यायचं त्या काळात आपल्या पहिल्या अध्यक्षांनी घराघरातून तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी गोळा करून रोपं जगवली. बी विंगच्या काकूंनी मुलाची मुंज घरच्या घरी उरकून लोखंडी पिंजरे करून दिले. त्यातला एक अजून पंपरूममागे आहे. 17 मे 2021 ला, तौक्ते वादळात, मागचा सोनमोहर आडवा झाला. ऐन कोरोनात सी विंगच्या मुलांनी भर पावसात वाट मोकळी केली आणि कापणीचा अख्खा खर्च डोंबिवलीला राहायला गेलेल्या जुन्या खजिनदारांनी उचलला. पावतीवर नाव नको म्हणाले, म्हणून इथेही देत नाही. समिती या सर्वांची ऋणी आहे.

आता अडचण. पिठ्या ढेकूण या रस शोषणाऱ्या किडीने मुंबईतले कितीतरी पर्जन्यवृक्ष गेले, त्यात गेटजवळचा आपलाही गेला. गेल्या पावसातही पालवी फुटली नाही. ए विंगच्या जिन्याजवळचा गुलमोहर वरून हिरवागार दिसतो, पण बुंध्याला अळंबी आली आहे, म्हणजे आतून कुजतो आहे. गुलमोहराची मुळं आधीच उथळ, त्यात पार्किंगसाठी बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसले. मागच्या नारळाचा शेंडा गेंडा भुंग्याने खाल्ला.

‘वाळलंय तर तोडून टाका’ असं ग्रुपवर लिहिणाऱ्यांसाठी : 1975 च्या झाडांच्या कायद्यानुसार मेलेलं झाडही वृक्ष अधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. ती परवानगी आता मिळाली आहे. मात्र झाडं आपल्या आवारातली, त्यामुळे खर्चही आपलाच.

मागच्या वर्षी याच कामासाठी फलकावर सूचना लावली होती. तिच्यावर कोणीतरी ट्यूशनची जाहिरात चिकटवली. विशेष सभेला कोरमही झाला नाही. गणपतीच्या वर्गणीला आपण कधी मागे नसतो, आणि गाडीवर फांदी पडली की रात्री अकरालाही सेक्रेटरीचा फोन वाजतो. राहवलं नाही म्हणून लिहिलं.

तपशील : दर सदनिकेमागे रु. 2,500, बुधवार 20 मेपर्यंत, संस्थेच्या खात्यात (क्रमांक मेंटेनन्स बिलावर) किंवा खजिनदारांकडे रोख, पावती घ्यावी. भाडेकरूंनी नव्हे, मालकांनी. पेन्शनरांनी जमेल तेवढे, जास्त देणाऱ्यांचे स्वागत. काम रविवार 24 मे, स. 8 पासून, आदल्या रात्रीच पार्किंग रिकामं करावं, मुलांना खाली सोडू नये, ए विंगची वीज दुपारपर्यंत बंद. पर्जन्यवृक्षाच्या वाळक्या फांदीत तांबटाचं घरटं आहे, पिल्लं उडाल्याची खात्री करूनच तिला आरा लागेल. बदली बकुळ आणि ताम्हण पावसात लावू, रोपं देणाऱ्यांनी आधी सांगावं. छाटणीच्या वेळी थांबायला चार माणसं हवीत.

तोवर गेटजवळ बांधलेल्या दोरीच्या आत कृपया गाड्या लावू नयेत. कालही दोन होत्या.

आपला,
सचिव, व्यवस्थापक समितीकरिता