पोडियाट्रिस्ट हे नाव कुणाला लावता येतं

लेस्टर

चि. मृण्मयीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली सहा महिन्यांच्या कोर्सची जाहिरात वाचली. तेवढ्यात फूट हेल्थ प्रॅक्टिशनर, म्हणजे पायांची साधी निगा राखणारी, होता येईलही. पण 'मग यूकेत पोडियाट्रिस्ट (पायांच्या विकारांवर उपचार करणारा) म्हणून काम करा' ही तिच्यातली ओळ साफ खोटी. पैसे भरू नकोस.

इथला कायदा कामापेक्षा नावाला जपतो. नखं कापणं, कुरूप काढणं, भोवऱ्या खरवडणं यांसाठी, किंवा फूट हेल्थ प्रॅक्टिशनर म्हणवून घ्यायला, सरकारी नोंदणी लागतच नाही. (मधुमेह्याच्या पायाला ब्लेड लावणाऱ्यालाही ही मोकळीक, हे मला मुळीच पटत नाही.) मात्र 'पोडियाट्रिस्ट' आणि त्याचंच जुनं नाव 'कायरोपोडिस्ट' ही नावं हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलच्या, म्हणजे एचसीपीसीच्या, रजिस्टरवर नसताना लोकांना फसवायला लावली तर तो गुन्हा.

मांसात रुतलेलं नख घे. अंगठ्याच्या बुडाशी भुलेचं इंजेक्शन द्यायचं, नखाची कड उभी कापून मुळासकट ओढायची, मग तिथे फिनॉल हे मूळ जाळणारं रसायन लावायचं, म्हणजे ती कड सहसा पुन्हा उगवत नाही. ती भूल प्रिस्क्रिप्शनचं औषध आहे. ती स्वतःच्या अधिकारात द्यायची तर पोडियाट्रिस्टच्या नावापुढे रजिस्टरवर तशी खास नोंद लागते. सहा महिन्यांच्या कोर्सने ती मिळत नाही.

जाहिरातीतल्या बाईंचं नाव एचसीपीसीच्या साइटवर शोध. पोडियाट्रिस्टचा नंबर 'सीएच'ने सुरू होतो.

आता तुझी बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी. एचसीपीसीकडे 15 व्यवसाय आहेत, आणि एकातून दुसऱ्यात उडी मारता येत नाही. बीपीटीवर अर्ज फिजिओथेरपिस्ट म्हणूनच होईल. पोडियाट्रीच करायची तर एचसीपीसीमान्य तीन वर्षांची बीएस्सी (स्कॉटलंडात चार), नाहीतर दोन वर्षांची एमएस्सी. तिच्या नावात 'प्री-रजिस्ट्रेशन' आहे ना ते बघ. बाकीच्या एमएस्सी बहुधा आधीच नोंदणी झालेल्यांसाठी असतात.

फिजिओच्या अर्जाला आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण 7 आणि कुठल्याही भागात 6.5 च्या खाली नको. अर्ज अडतो तो मार्कशीटपाशी. तिच्यात विषय आणि गुण असतात. कोणत्या विभागात किती तास पेशंट हाताळले, ते नसतं, आणि तपासणारे नेमकं तेच बघतात. पासपोर्टवर आणि पदवीवर नाव वेगळं असेल तर त्याचा पुरावाही जोड.

तासांचा हिशेब कॉलेजच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह आत्ताच मागव. सुट्ट्या लागल्या की ऑफिसात कुणी भेटायचं नाही.

तुझी आत्या