सोसायटी अध्यक्षांना पत्र: गॅरेजचा धूर डक्टमध्ये नको, गच्चीवर न्या

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती सदस्य,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, नौपाडा, ठाणे (पश्चिम)

विषय: तळमजल्यावरील गॅरेजच्या मागील भिंतीत एक्झॉस्ट फॅन बसवण्याच्या प्रस्तावास हरकत आणि पर्यायी व्यवस्थेची विनंती.

महोदय,

बंद गॅरेजमध्ये मोटारसायकलींची इंजिने चालू केल्यावर साचणारा धूर बाहेर काढण्यासाठी मागच्या भिंतीत बारा इंची एक्झॉस्ट फॅन बसवू द्यावा, असा विषय समितीच्या येत्या सभेपुढे असल्याचे सूचनाफलकावरून समजले. ती भिंत डक्टला, म्हणजे इमारतीतल्या वर उघड्या असलेल्या उभ्या पोकळीला, लागून आहे. म्हणजे फॅनने ओढलेला धूर इमारतीबाहेर जाणार नसून आपल्या सर्वांच्या संडास-बाथरूमच्या खिडक्यांखाली सोडला जाणार आहे. या प्रस्तावाला माझी लेखी हरकत आहे, आणि ती इतिवृत्तात नोंदवून घ्यावी.

हरकत फॅनला आहे, छंदाला नाही, हे आधीच स्पष्ट करतो. संबंधित सभासद जुन्या येझदी, राजदूत अशा गाड्या स्वतःच्या हाताने दुरुस्त करतात, पैसे घेऊन कुणाचे काम करत नाहीत, आणि त्यांचे गॅरेज मंजूर नकाशात गॅरेज म्हणूनच दाखवलेले आहे. स्टिल्टमधली, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली मोकळी, पार्किंगची जागा बिल्डरला गॅरेज म्हणून विकता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल आहे. पण तो वाद इथे लागू नाही आणि तो उकरून काढू नये. गाडी दुरुस्त करायची म्हटली की ती चालू करून पाहावीच लागते, हेही मान्य. आधी ते शटर उघडे ठेवूनच इंजिन चालू करत. आवाजाच्या तक्रारी आल्यावर ‘इंजिन चालू असताना शटर पूर्ण बंद ठेवावे’ अशी लेखी सूचना समितीनेच त्यांना दिली. आवाज कमी झाला खरा, पण तेव्हापासून धूर कोंडू लागला. आज आपण ज्या अडचणीवर उपाय शोधत आहोत ती त्या सूचनेतून आली आहे, आणि ती सूचना मागे घेणे हा माझ्या मते पहिला उपाय आहे.

मी नोकरीच्या काळात वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात देखभाल विभागात होतो. जनरेटर आणि गोदामातील फोर्कलिफ्ट यांच्या धुराची व्यवस्था पाहणे हा माझ्या रोजच्या कामाचा भाग होता, म्हणून थोडे आकडे मांडण्याची मुभा घेतो.

गॅरेज साधारण १८ फूट लांब, १० फूट रुंद आणि ९ फूट उंच आहे. आतली हवा भरते सुमारे ४६ हजार लिटर. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकीला पीयूसी चाचणीत ४.५ टक्क्यांपर्यंत कार्बन मोनॉक्साइड चालतो. म्हणजे प्रमाणपत्र अगदी नियमाप्रमाणे असले तरी सायलेन्सरमधून निघणाऱ्या दर शंभर लिटर वायूत साडेचार लिटर हा विषारी वायू असू शकतो. अडीचशे सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन नुसते जागेवर चालू ठेवले तर मिनिटाला शंभर लिटर वायू बाहेर पडतो असे धरू. हा अंदाज मी कमीच धरला आहे, कारण दुरुस्तीच्या वेळी ॲक्सिलरेटर पिळला जातोच. या हिशेबाने बंद गॅरेजमधले प्रमाण दर मिनिटाला दहा लाख भागांत सुमारे शंभर भागांनी, म्हणजे शंभर पीपीएमने वाढते. अमेरिकेतील व्यवसाय-आरोग्य संस्थेने १२०० पीपीएम ही जिवाला तत्काळ धोका असलेली पातळी मानली आहे. तिथे पोहोचायला बारा-तेरा मिनिटे पुरतात. कार्ब्युरेटर जुळवण्याचे काम याहून लवकर संपलेले मी तरी पाहिलेले नाही.

हा वायू डोळ्यांना दिसत नाही आणि त्याला वासही नाही. टू-स्ट्रोक गाडीचा जो निळसर धूर आणि जळका वास आपल्याला जाणवतो तो मुख्यतः जळलेल्या ऑइलचा. तो विरला म्हणजे धोका टळला असे होत नाही. कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास व्यवस्थित चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. डोके दुखते, मळमळते, गरगरते. आणि आपण पित्त झाले किंवा ऊन लागले असे समजून लिंबू-सरबत घेतो. नव्या गाड्यांमध्ये धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, पण तोही चांगला तापल्याशिवाय काम करत नाही. या जुन्या गाड्यांमध्ये तर तो मुळातच नाही.

आता फॅनबद्दल. प्रमाण ३५ पीपीएमच्या आत, म्हणजे आठ तासांच्या कामाच्या दिवसासाठी त्याच संस्थेने सुचवलेल्या मर्यादेत, केवळ हवा खेळती ठेवून राखायचे झाल्यास गॅरेजमधली सगळी हवा दर मिनिटाला जवळजवळ तीन वेळा बदलावी लागेल. बारा इंची घरगुती फॅनच्या आवाक्यातले हे काम नाही. शिवाय शटर बंद असताना आत हवा येणार कुठून? जेवढी हवा आत येईल तेवढीच बाहेर जाईल. शटरखालच्या बोटभर फटीतून जे काही येईल त्यावर फॅन नुसता घरघरत राहील. ‘धूर जड असतो, फॅन खाली बसवा’ अशीही एक सूचना जिन्यात ऐकू आली. कार्बन मोनॉक्साइडचे वजन हवेच्या जवळपास तेवढेच आहे. सायलेन्सरमधून तो गरम निघतो, वर चढतो आणि सगळीकडे मिसळतो. जमिनीलगत साचते ती पेट्रोलची वाफ. ओव्हरफ्लो झालेल्या कार्ब्युरेटरशेजारी साध्या मोटरचा फॅन जमिनीलगत चालवणे म्हणजे धुराच्या जोडीला आगीची भीती घेणे होय.

पण सर्वांत गंभीर बाब डक्टची आहे. आपला डक्ट वर उघडा, खाली बंद आणि मध्ये प्रत्येक मजल्याच्या खिडक्यांनी भरलेला आहे. गरम वायू त्यातून चिमणीतल्यासारखा वर चढणार, आणि वाटेत जिथे काचेच्या पट्ट्या तिरप्या उघड्या असतील तिथे आत शिरणार. फॅन अजून बसलेलाही नाही. सध्या त्या भिंतीतल्या जुन्या झरोक्यातून जेवढे झिरपते तेवढ्यानेच आमच्या बाथरूमच्या खिडकीच्या खालच्या दोन पट्ट्यांवर तेलकट काळपट थर बसतो. बोट फिरवले की ते साबणाशिवाय साफ होत नाही. वरच्या पट्ट्या मात्र जवळपास स्वच्छ असतात, त्यामुळे हा थर खालून येतो याबद्दल शंका राहत नाही. याच डक्टमध्ये काही घरांच्या गॅस गीझरचे धुराचे पाइप सोडलेले आहेत. खालून फॅनने दाब दिला तर गीझरचा धूर बाहेर पडण्याऐवजी उलट बाथरूममध्ये येऊ शकतो, आणि अंघोळीच्या वेळी दार-खिडकी बंद असते हे वेगळे सांगायला नको.

संबंधित सभासदांनी मला परदेशातील गॅरेजची छायाचित्रे दाखवली. कॅनडासारख्या थंड देशांत घराला जोडलेले गॅरेज हीटर लावून उबदार ठेवतात आणि ऊब जाऊ नये म्हणून दार बंद ठेवतात, त्यामुळे तिथे हा प्रश्न अधिक बिकट असतो. नुसत्या भिंतीतल्या फॅनवर तिथलेही जाणकार विसंबत नाहीत, कारण जोरदार फॅन गॅस हीटरचाच धूर धुराड्यातून उलटा आत ओढू शकतो. तिथल्या आणि इथल्याही नीट चालणाऱ्या वर्कशॉपमध्ये सायलेन्सरच्या तोंडाशीच धूर पकडतात. उष्णता सोसणारी लवचीक नळी सायलेन्सरवर सैलसर बसवायची, ती पुढे पत्र्याच्या पाइपला जोडायची आणि पाइपच्या शेवटी ब्लोअर लावून धूर थेट बाहेर ओढायचा. नळी मुद्दाम सैल ठेवतात, म्हणजे भोवतालची थोडी हवा सोबत ओढली जाऊन वायू थंड होतो आणि इंजिनावरही ताण येत नाही. मिनिटाला शंभर-दोनशे लिटर वायू उगमापाशी पकडणे सोपे. तोच खोलीभर पसरल्यावर बाहेर काढणे जवळजवळ अशक्य.

असे करायचेच असेल तर पाइप डक्टमध्ये न संपवता बाहेरच्या भिंतीने गच्चीच्या वर न्यावा. आपल्या जनरेटरला आपण हाच न्याय लावला आहे. जनरेटरच्या धुराड्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सूत्र असे आहे की, इमारतीच्या उंचीत जनरेटरच्या केव्हीएमधील क्षमतेच्या वर्गमुळाच्या एक पंचमांश इतके मीटर मिळवावेत. म्हणजे १०० केव्हीएला गच्चीच्या वर दोन मीटर. मोटारसायकलला हा नियम लागू नाही, पण रहिवाशांच्या नाकावरून धूर वर न्यावा हे त्यामागचे तत्त्व तेच आहे. पाइपचे तोंड पाण्याच्या टाकीपासून आणि कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांपासून दूर असावे, त्यावर पावसाची टोपी असावी, आणि इंजिनाच्या धुरात पाण्याची वाफ असल्याने आत थंड होऊन साचणारे पाणी काढायला खाली तोटी असावी. नाहीतर ठाण्याच्या दोन पावसाळ्यांत पत्रा गंजून धूर मधल्याच एखाद्या मजल्यावर बाहेर येईल. बाहेरची भिंत सामाईक असल्याने या कामाला सर्वसाधारण सभेची मंजुरी घ्यावी. बीम किंवा कॉलमला भोक पाडू देऊ नये, आणि पाइपचे क्लॅम्प कुठे बसवायचे हे स्ट्रक्चरल ऑडिट करणाऱ्या अभियंत्याला विचारून ठरवावे.

खर्च संबंधित सभासदांनी करावा हे उघड आहे, आणि तो फॅनपेक्षा बराच जास्त येईल हेही. म्हणूनच माझे स्वतःचे मत असे की एवढा खटाटोप न करता गाडी ढकलत कंपाउंडच्या प्रवेशद्वाराकडील मोकळ्या कोपऱ्यात न्यावी आणि तिथेच चालू करावी. नुसते शटर उघडून आत चालू करणेही मला पुरेसे वाटत नाही, कारण गॅरेजच्या तीन बाजू बंद आहेत आणि पावसाळ्यात कोंदट हवेत धूर तिथेच घुटमळतो. आवाजासाठी वेळ ठरवून द्यावी. शनिवारी दुपारपूर्वीचा एक तास दिला तर कुणाची फारशी तक्रार राहील असे वाटत नाही. तासभराचा आवाज मी माझ्यापुरता आनंदाने सहन करीन.

शेवटी, ज्यांचा या प्रकरणात कुणी उल्लेखही केलेला नाही त्यांच्याबद्दल. वॉचमनची खोली गॅरेजला लागून आहे आणि मधल्या भिंतीला वर छताजवळ जाळीचा झरोका आहे. संध्याकाळी शटर बंद करून इंजिन चालू असते तेव्हा त्या खोलीत त्यांची मुलगी अभ्यासाला बसलेली असते. त्या कुटुंबाला सभेत मत नाही, आणि नोकरीच्या धास्तीने ते तक्रारही करणार नाहीत. सभेचा निर्णय काहीही होवो, तो झरोका या आठवड्यात विटांनी बंद करून त्या खोलीला बाहेरच्या बाजूने खिडकी काढून द्यावी, आणि खोलीत बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवावा. अलार्म श्वासाच्या उंचीवर असावा, आणि त्याच्या सेन्सरचे आयुष्य मर्यादित असल्याने बदलण्याची तारीख त्यावरच ठळक लिहून ठेवावी. अलार्मचा खर्च सोसायटीच्या निधीतून करण्यास अडचण असल्यास तो मी देईन.

तरी समितीने फॅनचा प्रस्ताव नामंजूर करावा, शटर बंद ठेवण्याची पूर्वीची सूचना लेखी मागे घ्यावी, आणि पर्यायी व्यवस्था होईपर्यंत गॅरेजच्या आत इंजिन चालू न करण्याविषयी संबंधित सभासदांना कळवावे, ही विनंती. त्यांच्याशी मी या पत्राआधी बोललो असून गाडी बाहेर नेण्यास त्यांची हरकत नाही, फक्त वेळ ठरवून द्यावी असे त्यांचे म्हणणे आहे. सभेच्या दिवशी ते आणि मी दोघेही उपस्थित राहू.

कळावे,

आपला विश्वासू,
एक सभासद, दुसरा मजला

सोबत: गॅरेज, डक्ट व वॉचमनची खोली दाखवणारा हाताने काढलेला नकाशा.