इनपुटला चुकीचा जॅक बसवल्याबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख,
दुरुस्ती व ग्राहक सेवा विभाग

विषय : ओव्हरड्राइव्ह पेडलच्या इनपुटला स्टिरिओऐवजी मोनो जॅक बसवल्याबाबत

महोदय,

स.न.वि.वि.

आपल्या कंपनीचे ओव्हरड्राइव्ह पेडल (गिटारच्या आवाजाला फाटका, धारदार पोत देणारे, पायाने चालू-बंद करायचे उपकरण) मी सहा वर्षे वापरत आहे. त्याच्या आवाजाबद्दल माझी कधी तक्रार नव्हती, आजही नाही. दोन महिन्यांपूर्वी आउटपुटची कॉर्ड जरा हलली की खरखर होऊ लागली, मधूनच आवाज तुटू लागला. जॅकच्या, म्हणजे कॉर्डचा प्लग ज्यात बसतो त्या खाचेच्या, आतली पट्टी सैल पडली होती. इतक्या वापरानंतर हे व्हायचेच, त्यात कोणाचा दोष नाही. इनपुटचा जॅकही तितकाच जुना, म्हणून दोन्ही बदलून द्या असे लिहून मी पेडल आपल्या सेवा केंद्रात पाठवले. तीन आठवड्यांनी ते परत आले. सोबतच्या कागदावर ‘दोन्ही जॅक बदलले, तपासणी केली’ एवढेच होते.

त्यानंतर पहिली नवी बॅटरी चार दिवसांत संपली. बॅटरीच खराब निघाली असेल असे मी धरून चालले. दुसरी मी शुक्रवारी रात्री सराव संपल्यावर घातली आणि सोमवारी संध्याकाळच्या कार्यक्रमात दुसऱ्याच गाण्यात गिटारचा आवाज क्षीण होत होत पूर्ण गेला. या पेडलमध्ये बफर, म्हणजे गिटारचा सिग्नल पुढे पाठवणारे विजेवरचे सर्किट, आहे, त्यामुळे वीज नसली की इफेक्ट बंद ठेवूनही गिटारचा आवाज पुढे जात नाही. साथीदार वाजवत राहिले आणि मी अंधारात गुडघ्यावर बसून कॉर्डी काढत-घालत होते. तो प्रसंग मला अजून बोचतो.

आपल्या मदत केंद्राने सांगितले, ‘चांगल्या प्रतीची बॅटरी वापरा, आणि वापर नसेल तेव्हा काढून ठेवा.’ या पेडलची बॅटरी काढायला तळाचे चारही स्क्रू काढावे लागतात. ते रोज कोण करणार? आणि वापर नसताना बॅटरी तोडण्याचे काम तर इनपुट जॅकचेच आहे.

ते स्क्रू काढल्यावर सगळे समोर दिसले. या पेडलचा मूळ इनपुट जॅक तीन टोकांचा, म्हणजे स्टिरिओ होता. तो स्टिरिओ असण्याचा आवाजाशी काही संबंध नाही. बॅटरीची काळी (ऋण) वायर रिंगच्या, म्हणजे त्यातल्या मधल्या जास्तीच्या टोकाला जोडलेली असते. गिटारची साधी मोनो कॉर्ड आत गेली की तिच्या प्लगच्या स्लीव्हमुळे (बुडाकडच्या धातूच्या नळीमुळे) रिंग आणि ग्राउंड एकमेकांना जोडले जातात आणि पेडल सुरू होते. कॉर्ड काढली की बॅटरी तुटते. आपल्या केंद्राने तिथे दोन टोकांचा मोनो जॅक बसवला आहे. काळ्या वायरला रिंग सापडली नाही, म्हणून ती सरळ ग्राउंडलाच सोल्डर केली आहे. आता कॉर्ड असो वा नसो, पेडल रात्रंदिवस चालूच राहते.

मी मल्टीमीटर लावून पाहिला. दोन्ही जॅक रिकामे असताना 8 मिलिअँपिअर प्रवाह वाहत होता. 9 व्होल्टच्या अल्कलाइन बॅटरीची क्षमता साधारण 500 मिलिअँपिअर-तास धरली, तर ती 60 तासांच्या आसपास रिकामी होणार. शुक्रवार रात्र ते सोमवार संध्याकाळ, हिशेब साधारण जुळतो.

तपासणीत हे का दिसले नाही, याचाही मी विचार केला. अडॅप्टरची पिन लावली की बॅटरी आपोआप बाजूला होते, आणि पेडल उत्तम वाजते. टेबलावर अडॅप्टर लावूनच तपासले असणार. कॉर्ड काढून एकदा बॅटरीचा प्रवाह मोजला असता, तर चूक अर्ध्या मिनिटात हाती लागली असती.

आउटपुटला मोनो जॅक योग्यच आहे, पण त्याच्या नटाखालचा दातेरी वॉशर परत बसवलेला नाही. तो नसल्याने नट ढिला झाला आहे आणि प्लग ओढताना अख्खा जॅक फिरतो. आतल्या वायरला पीळ पडून ती तुटायला वेळ लागणार नाही.

सोल्डरिंग मला येते. स्टिरिओ जॅक आणून काळी वायर रिंगला जोडणे हे माझ्यासाठी एका संध्याकाळचे काम आहे. पण मी हात लावला तर दुरुस्तीची हमी जाईल, आणि चूक माझी नसताना ती मी का गमवावी? शिवाय ज्यांना पेडल उघडता येत नाही, ते बिचारे बॅटऱ्याच बदलत बसतील.

म्हणून माझी मागणी अशी : इनपुटला मूळ प्रकारचा स्टिरिओ जॅक आणि आउटपुटला वॉशर विनामूल्य बसवून, जाण्या-येण्याचा खर्च कंपनीने सोसावा. केंद्राने चूक लेखी मान्य करावी. त्याच तुकडीतल्या जॅकने आणखी कोणाची पेडल दुरुस्त झाली असतील, तर त्या ग्राहकांना कंपनीने स्वतःहून कळवावे. ही शेवटची मागणी माझ्यासाठी सर्वांत महत्त्वाची आहे.

पेडलमधली बॅटरी काढून ठेवली आहे. दोन्ही जॅकचे आणि मल्टीमीटरवरील आकड्याचे फोटो सोबत जोडले आहेत. पेडल कोठे पाठवायचे ते पंधरा दिवसांत कळवावे, ही विनंती.

कळावे,

आपली,
एक ग्राहक