आरोग्यमंत्री साहेब, भाषणं पुरे झाली, थेरपिस्ट द्या

मा. आरोग्यमंत्री साहेब, नमस्कार.

मानसिक आरोग्याचं काही करायचं ठरलं की पहिला मोटिव्हेशनल स्पीकर बोलावला जातो, मग पोस्टर लागतात, त्यावर मोठ्या अक्षरात 'स्वतःवर विश्वास ठेवा', झालं काम. अहो, ज्याला पोहता येत नाही त्याला काठावरून 'पोह, पोह' म्हणून ओरडण्यातला प्रकार आहे हा.

आणि हे मी मनाचं सांगत नाहीये. कॅनडातल्या जोआन वुड आणि सहकाऱ्यांचा 2009 मध्ये एक अभ्यास आला, लोकांना 'मी प्रेम करण्यासारखी व्यक्ती आहे' हे वाक्य मनात परत परत म्हणायला लावलं, तर ज्यांची सेल्फ-एस्टीम, म्हणजे स्वतःबद्दलचं मत, आधीच बरी होती त्यांना जरा छान वाटलं आणि जे मुळात खचलेले होते त्यांना उलट अजून वाईट वाटलं. वाटणारच ना, आतून लगेच आवाज येतो, कुणाला फसवतोयस. कॅलिफोर्नियाने तर 1986 मध्ये सेल्फ-एस्टीमसाठी चक्क सरकारी टास्क फोर्स नेमला होता, म्हणजे सरकारं यात पडलेलीच नाहीत असंही नाही. पुढे 2003 मध्ये बाउमायस्टर वगैरे मानसशास्त्रज्ञ मंडळींनी सगळं संशोधन चाळलं तर नुसती सेल्फ-एस्टीम फुगवून मार्क वाढतात असं काही दिसलं नाही.

मग थेरपीत वेगळं काय होतं? मी घेतलीये म्हणून सांगते, थेरपिस्ट कौतुक करत बसत नाही (माझी तर अजिबात नाही करायची, राग यायचा मला). ती विचारते, मीटिंगमध्ये बोललीस तर नक्की काय होईल? आपण म्हणतो सगळे हसतील. मग ते कागदावर लिहायचं, खात्री किती टक्के तेही लिहायचं, समजा 90, आणि त्या आठवड्यात एकच प्रश्न विचारून बघायचा आणि काय झालं ते लिहून आणायचं. बहुतेक वेळा कळतं की कुणी हसलं नाही, निम्म्यांचं तर लक्षही नव्हतं. सीबीटीमध्ये, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणाऱ्या थेरपीत, याला बिहेवियरल एक्सपेरिमेंट म्हणतात. यात एक गंमत अशी की वाक्य घोकून जाऊन बोललं आणि नीट झालं तरी मन श्रेय देत नाही, म्हणतं घोकलं होतं म्हणून निभावलं, त्यामुळे पुढच्या वेळी न घोकता बोलायला लावतात. तिथे खरी फाटते, आणि बदलही तिथेच होतो.

मानसशास्त्रज्ञ बांडुरा यांनी 1977 मध्येच मांडलं होतं की 'मला जमेल' हा विश्वास कशाकशातून येतो, आणि त्यात सगळ्यात जोरदार गोष्ट म्हणजे स्वतः करून बघितल्याचा अनुभव, दुसऱ्याने दिलेला धीर त्याच्या खूप मागे. सापाला घाबरणाऱ्या लोकांवर त्यांनी हे बघितलं, थेरपिस्टसोबत एकेक पायरी जवळ जायचं, मग एकट्याने.

आता तुम्ही म्हणाल एवढे सायकॉलॉजिस्ट आणायचे कुठून. झिंबाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी वस्तीतल्या आज्यांना ट्रेनिंग दिलं, दवाखान्याच्या आवारात बाकावर बसून त्या लोकांशी बोलतात, एक प्रॉब्लेम निवडून त्यावर काय करता येईल ते ठरवतात. 2016 च्या ट्रायलमध्ये सहा महिन्यांनी त्या लोकांचा त्रास नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा कमी होता. इंग्लंडने 2008 पासून सरकारी खर्चाने थेरपिस्ट तयार केले आणि पेशंटला किती फरक पडला ते दर सेशनला मोजलं.

हां, नोकरीच नाहीये किंवा घरात मारहाण होतेय अशा माणसाला फक्त थेरपीला पाठवून हात झटकू नका, तिथे आधी नोकरी आणि संरक्षण.

माझं मागणं साधंय. साध्या सरकारी दवाखान्यात थेरपी मिळू दे, एका सेशनवर बोळवण नको, सलग काही आठवडे एकच थेरपिस्ट असू दे, आणि ट्रेनिंग दिलेल्यांवर अनुभवी माणसाची देखरेख हवी. आणि पुढच्या बजेटमध्ये पोस्टर-कार्यक्रमांवर किती आणि थेरपिस्टच्या ट्रेनिंगवर किती, हे दोन आकडे शेजारी शेजारी छापा, आम्ही वाचू.

आपली,
थेरपी घेतलेली एक नागरिक